खणातला फोन

(जॉर्डनमधलं इर्बिद शहर. उम्म घैस, म्हणजे घैसची आई, चालवते ती बायकांची व्यायामशाळा, दुपारची रिकामी वेळ.)

रुदैना: माझी कपड्यांची पिशवी तेवढी द्या, उम्म घैस. लगेच निघते.

उम्म घैस: निघते काय? दोन महिन्यांनी तोंड दाखवलंस! बस, चहा टाकते, बिनसाखरेचा.

रुदैना: नको. बसाम खाली गाडीत थांबलाय. बायकोनं वजनं उचलणं बंद म्हणजे बंद, म्हणतो. आणि खरं सांगू? मलाच धीर होत नाही.

उम्म घैस: तुला? चाळीस किलो घेऊन उठणारी बाई तू!

रुदैना: त्या वजनांनीच तर साखर ताळ्यावर आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आकडे असेच राहू देत, मग बाळाचं बघू. चाळिशी आली माझी. आणि त्या दिवशी इथेच साखर उतरून धाडकन पडले.

उम्म घैस: अल्लाहनं वाचवलं गं.

रुदैना: हो, त्यानंच. यंत्रानं नाही. दंडावरचं यंत्र साखर मोजतं, उतरली की फोन बोंबलतो, त्याच भरवशावर हा इन्सुलिनचा पंप अंगाला चिकटवून फिरते मी. इथे बायका उघड्या डोक्यानं असतात, कुणी फोटो काढू नये म्हणून तुम्ही दारातच फोन घेऊन खणात ठेवता. ठीक आहे. वाजला तर हाक मारा, एवढंच सांगितलं होतं. पण तुम्हीच बसामला म्हणालात, एकदाही वाजला नाही.

उम्म घैस: हं.

रुदैना: तेव्हापासून डोळा लागत नाही. पंपातलं इन्सुलिन कमी करून ठेवते. चढली साखर तर चढू दे, पण पुन्हा पडायला नको. काल तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आकड्यांवर बाळाचं नावही काढू नका. सगळं पहिल्यापासून.

उम्म घैस: या अल्लाह!

रुदैना: पिशवी द्या ना.

उम्म घैस: थांब, रुदैना. वाजला होता.

रुदैना: काय?

उम्म घैस: फोन. वाजतच होता गं. मला वाटलं, तुझा नवरा. रोज त्याच वेळी करायचा. बायका कटकट करायला लागल्या, म्हणून खणावर टॉवेलांचा गठ्ठा टाकला.

रुदैना: किती वेळ वाजला?

उम्म घैस: तू पडेपर्यंत.

रुदैना: आणि बसामला तुम्ही...

उम्म घैस: घाबरले! त्यानं ही जागा बंद पाडली असती. घैसचे बाबा गेल्यापासून एवढंच आहे माझं. आग लागो माझ्या तोंडाला! तू उद्यापासून ये, फोन जवळ ठेव, कॅमेऱ्यावर पट्टी लावू. बसामला मी आत्ताच खाली जाऊन सांगते.

रुदैना: म्हणजे यंत्र बरोबर होतं.

उम्म घैस: होतं, पोरी. शिव्या दे मला.

रुदैना: दोन महिने दर शुक्रवारी तुम्ही फोन करून माझी तब्येत विचारत होता, उम्म घैस.