दुसऱ्या रांगेतलं ओलं

— नाही, तो कागद तिकडे नको, इकडे पसरा, पाईपच्या बरोब्बर खाली, राख नेहमी डाव्या बाजूला सांडते. मला माहीत आहे ना! सहा वर्षं मीच साफ करतेय ही शेगडी. धुराचा पाईप साफ करायला तुम्हाला बोलावलं वहिनीने, मी नाही. माझं काही म्हणणं नाही, तुमचं काम आहे, तुम्ही करा. पण तुम्हाला वाटायला नको की या घरात कुणाला काही येतच नाही. शेगडीचं दार उघडताना जरा वर उचला — हं, अस्सं — बिजागरी सैल आहे. दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी मी गेल्या वर्षीच बदललीय, बघा, कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा आणि ओढा. निघतो का? नाही ना निघत? मग! दोरी बदलायची असते हे वहिनीला माहीतसुद्धा नव्हतं. तिला वाटलं ती नक्षी आहे.

तुम्ही पाईपचं कोपर उतरवताय? उतरवा. मी कोपरापर्यंतच घासायची. त्याच्या वर हात जात नाही आणि लांब दांड्याचा ब्रश बाबा आणू देत नाहीत. वर काय असतं, वर नुसता धूर असतो, म्हणे. बाबांना सगळं माहीत असतं. पलीकडच्या खोलीत बसलेत ना, पाय वर घेऊन, तेच. एकदा त्यांनी सांगितलं की सांगितलं. सरपणाची गाडी आली की ते खुर्ची टाकून बसणार आणि मी रचणार — खाली विटा, विटांवर फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, सालीची बाजू वर, पत्रा फक्त माथ्यावर, बाजू उघड्या, वारा खेळला पाहिजे. प्रत्येक रांगेच्या तोंडावर खडूने वर्ष लिहायचं. हे सगळं मी करते. आणि शेजारचे आले की बाबा म्हणणार, "आमची थप्पी बघा." आमची! खुर्ची तेवढी त्यांची होती.

हो, मी घरीच असते. कॉलेज? सोडलं. दुसऱ्या वर्षाला. आईचं आजारपण होतं — म्हणजे बाबा लोकांना तसंच सांगतात. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. माझे तीन विषय उडाले होते. तीनही. पुन्हा बसायचं होतं, बसले नाही, त्या चेहऱ्यांसमोर परत कोण जाणार! बाबांनी लोकांना सांगितलं, पोरीने घरासाठी शिक्षण सोडलं. त्यात त्यांचीही लाज राहिली, माझीही. पण मग घरासाठी सोडलंय तर घरात काहीतरी यायला नको का मला? स्वयंपाक मला येत नाही, शिवण येत नाही, गोड बोलणं तर मुळीच येत नाही. शेगडी येते. एवढी एक गोष्ट. पहिल्या थंडीला पहिली काडी मी लावायची, हे ठरलेलंच होतं घरात. कुणी ठरवलं म्हणजे — कुणीच नाही. पण होतं.

आणि या वर्षी दादा बायको घेऊन आला. राहायलाच. चांगली आहे हो, कोण वाईट म्हणतंय? हसरी आहे, सकाळी लवकर उठते, दाराला दोरी असते हे माहीत नाही, पण चांगली आहे. थंडीचा पहिला दिवस होता, मी दुकानातून आले, दोन्ही हातात पिशव्या, दार पायाने ढकललं — आणि खोली उबदार! ती खाली बसलेली, बाबा खुर्चीत पाय पसरून, आणि हसताहेत. बाबा! मी त्यांचे दात गेल्या तीन वर्षांत पाहिले नव्हते. म्हणतात, "अगं बघ, सूनबाईने उलटी पेटवली शेगडी!" उलटी म्हणजे मोठे ओंडके खाली, त्यावर मधले, आणि काटक्या सगळ्यात वर. वरून काडी लावते. असं कुणी पेटवतं का? तुम्ही पेटवता? …असंच? बरं. असेल. तुमच्या लोकांत असेल.

मला त्याचंही काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी बाबा काय म्हणाले ऐका. म्हणाले, "बघ, शेगडीच्या दाराची काच कशी लख्ख राहिलीय. तू पेटवलीस की तासाभरात काळी." अहो, सहा वर्षं! सहा वर्षं रोज सकाळी मी ओल्या कागदावर राख घेऊन ती काच घासलीय, नखांत काळं घेऊन फिरलेय, तेव्हा या माणसाला काच आहे हे दिसलं नाही. काळी झाल्यावर दिसते, स्वच्छ केल्यावर दिसत नाही! आणि काळी का व्हायची? कारण यांनीच सांगितलेलं — संध्याकाळी शेगडी गच्च भर, हवेची खिटी बंद कर, लाकूड धुमसत राहू दे, सकाळपर्यंत पुरतं. सरपण काय फुकट येतं का, म्हणे. मी बंद केली. रोज बंद केली. आणि ती? ती खिटी उघडी ठेवते. थोडं लाकूड घालते, भडभडा जाळते, मग पुन्हा थोडं. बाबांनी एकदा सांगितलं, "सूनबाई, हवा बंद कर." ती म्हणाली, "हो बाबा." आणि उघडीच ठेवली. आणि हे काही बोलले नाहीत! मी तशी ठेवली असती तर तीन दिवस भाषण झालं असतं. ऐकणाऱ्याला शिव्या आणि न ऐकणाऱ्याला "सूनबाईच्या हाताला गुण आहे." वा रे न्याय.

काय म्हणालात? थर आहे? दाखवा. …बाप रे. हे डांबर आहे की काय! ओल्या लाकडानेच होतं ना असं? होतंच. मला माहीत आहे. हे बघा, काका, माझं एक काम करा. तुमचं काम आटोपलं की बाबा विचारतीलच, काय निघालं. त्यांना एवढंच सांगा — यंदा ओलं लाकूड जाळलं गेलं. खोटं नाही सांगायचं, जे आहे तेच. कुणी जाळलं ते तुम्ही नका सांगू, ते त्यांना कळेल. ज्याला ओलं-सुकं कळत नाही त्याच्या हातात शेगडी देऊ नये, हे ते स्वतःच म्हणतील. आणि मग पुढच्या थंडीला —

मला कसं माहीत म्हणजे? थप्पी मी रचते, मला माहीत असणारच. दुसऱ्या रांगेत ओलं आहे. म्हणजे होतं. मागचं झाड पाडलं ना थंडीच्या तोंडावर, त्याचं लाकूड. ते सुक्यात कसं गेलं? जातं. जातं कधी कधी. …तीन सुकी, दोन ओली. ताजं कापलेलं तोंड आतल्या बाजूला वळवून, म्हणजे पांढरं दिसत नाही. अहो, असे काय बघताय? मी काय विष घातलं का? मला वाटलं, धुराने खोली भरेल, काच काळी होईल, बाबा खोकतील दोनदा आणि म्हणतील, "पोरी, तूच ये गं." एवढंच. एवढंच हवं होतं. एका दुपारी कुणी नसताना मी पाठ मोडेपर्यंत दोन रांगा उतरवल्या आणि पुन्हा लावल्या, कॉलेजात एवढी मेहनत केली असती तर आज कुठल्या कुठे असते.

पण धूर झालाच नाही. तेच तर! अख्खी थंडी वाट बघितली. काच लख्ख, बाबा खुशीत, आणि ती रोज त्याच दुसऱ्या रांगेतून लाकूड आणतेय. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. आता तुमच्या पाईपात हा थर दिसला तेव्हा कुठे जिवात जीव आला. म्हणजे जाळलंय. म्हणजे —

काय? बोट फिरवू? फिरवते. …ही तर नुसती भुकटी आहे. करडी. फुंकर मारली की जाते. हां, आणि हिच्या खाली तो चकचकीत थर. नख लावूनही निघत नाही. बरं, मग? वरची भुकटी यंदाची? आणि खालचा… म्हणजे जे आधी जळलं ते खाली. आधी कोण — थांबा, थांबा. मी ओलं कधीच जाळलं नाही, काका! एकदाही नाही. दोन लाकडं एकमेकांवर आपटून मगच घरात आणायची, टण वाजलं तर सुकं, थप वाजलं तर ओलं. सहा वर्षं माझा एक ओंडका ओला — हवा बंद केल्यानेही होतं? सुक्याचंही? धुमसत ठेवल्याने. रोज. बाबांच्या नियमाने. आणि हा थर पाईपात पेट घेऊ शकतो म्हणता. पाईपातच? तो पाईप बाबांच्या डोक्यामागून जातो, ते तिथेच झोपतात. आणि मी वरून अजून दोन ओली —

आणि मग माझी ओली लाकडं गेली कुठे?

मागे कुठे? सरपणाच्या पत्र्यामागे काही नाही, फक्त शिडी असते. तुम्ही पाहिलंत? शिडी काढताना? चला. नाही, चलाच, दाखवा मला, हात नंतर धुवा.

…अरे देवा.

हे तिने केलं. विटा. फळ्या. साल वर. पत्रा फक्त माथ्यावर. माझंच बघून शिकली, माझ्यासारखंच रचलंय, माझ्यापेक्षा सरळ रचलंय. आणि खडूने काय लिहिलंय — "ओलं. पुढच्या थंडीला." अक्षर बघा कसं वळणदार, शाळेत गिरवल्यासारखं. म्हणजे तिला टण आणि थप कळत होतं. रोज एकेक आपटून बघत होती, माझं ओलं बाजूला काढत होती आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून विचारत होती, "ताई, तुम्हाला चहा अजून देऊ?" आणि बोलली नाही. बाबांना नाही, दादाला नाही. मला तरी बोलायचं! भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती, चार महिन्यांची. आता हा चांगुलपणाही तिचाच झाला. माझ्यासाठी काही ठेवायचंच नाही का या बाईने?

थांबा. हे लाकूड बघा. आणि हे. ऐका — टण! ऐकलंत? सुकं आहे! सुकं लाकूड ओल्यात टाकलंय तिने, चुकली! बघा, हेही टण. आणि हेही! म्हणजे काही कळत नाही तिला, नुसतं आपलं उगीच… काय? मान कशाला हलवताय? आता सुकलं? चार महिन्यांत? एवढा ओंडका चार महिन्यांत सुकत नाही, मला शिकवू नका. …हो, पातळ आहे. मी ठेवलं तेव्हा पातळ नव्हतं. फाडलंय. एकेक पुन्हा फाडलंय, सुकावं म्हणून. माझ्या कुऱ्हाडीने. माझी कुऱ्हाड घेतली आणि मला पत्ता नाही.

ती हाक मारतेय. तुम्हालाच, चहाला. जा. बाबांना काय सांगायचं? थर दाखवा. वरचा आणि खालचा, दोन्ही दाखवा, आणि खिटी बंद करायची नाही हे ठणकावून सांगा, माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील, परक्याचं ऐकतात. आणि दुसऱ्या रांगेचं… ते मी सांगेन. नाही, तुम्ही नाही. मी.

आधी तो लांब दांड्याचा ब्रश द्या इकडे. वरपर्यंत जातो ना हा? मग द्या. खालचा थर माझा आहे, मी काढते. तुम्ही जा हो चहाला, उभे काय राहिलात? जा म्हटलं ना.