उंबराच्या गिटारचा टोन

अरे, आमच्या नित्याचं ऐका. चांदवडला त्याच्या मळ्यातला उंबर वादळात पडला. उंबर चुलीत घालत नाहीत, म्हणून पठ्ठ्यानं त्याची गिटार बनवून घेतली. "शिसवी लाकूड झक मारतं, असा टोन आहे!" म्हणत गुरुवारी आम्हाला घरी ऐकायला बोलावलं.

त्यानं तार छेडली, तर आतून खडखड.

मी म्हटलं, "हा टोन होय रे?"

त्यानं गिटार उलटी केली. मधल्या भोकातून अक्षता, सुपारी आणि खडीसाखर बदाबदा बाहेर!

नित्या ओरडला, "आई, हे काय?"

काकू आतून शांतपणे म्हणाल्या, "उंबरात दत्त महाराज असतात. तुझं वाजवणं रोज आत बसून ऐकतात. त्यांच्या तोंडात थोडी खडीसाखर नको?"