वरच्या मजल्याचं इंटरनेट

...आणि मॉडेम बदलून झाला, वायर दोनदा बदलली, टेलिफोनवाल्यांकडे जाऊन आवाज चढवून आलो, आता घर तेवढं बदलायचं बाकी होतं, तरी दर शुक्रवारी एक वाजला की वरच्या मजल्याचं इंटरनेट गुल. तुम्हाला सांगतो, बरोब्बर एकला. रविवारी चालतं, मंगळवारी चालतं, मग शुक्रवारचं काय घोडं मारलं होतं? पस्तीस वर्षं मिरकरवाड्यात जाळी नि दोर विकतोय, दोर हातात घेतला की सांगतो किती वारा सोसेल, मग एवढं कळत नाही मला?

आता घरात दोन कॉम्प्युटर कशाला, असं तुम्ही विचारणार. अहो, आधी एकच होता, खाली दुकानात. आमचा रय्यान कुवेतला. तो गेला नि चार महिन्यांनी त्याला मुलगी झाली, तूबा, म्हणजे बापानं लेकीला पाहिलेलंच नाही. म्हणून कॅमेरा लावला. महरीन, आमची सून, पोरीला घेऊन दुकानात येऊन बसायची. पण दुकान ते... ती "जेवलात का?" विचारते न विचारते तोच दोर घ्यायला आलेला खंडू तांडेल काउंटरवरून मान घालणार, "रय्यान मेल्या, तकडे सुरमय गावते काय रे?" तिकडून रय्यान, "गावते काका, पण चव नाय." झालं, पंधरा मिनिटं सुरमईवर. पोरगी राहिली बाजूला.

शेवटी साबेरा, माझी बायको, कडाडली, "सुनेनं नवऱ्याशी काय बाजारात बसून बोलायचं?" मग वरती दुसरा कॉम्प्युटर आला. कनेक्शन मात्र एकच. सावर्ड्याचा अजिंक्य आमचं कॉम्प्युटरचं सगळं बघतो, त्यानं खालच्या कॉम्प्युटरातून एक वायर काढून जिन्यानं वर नेली नि जाताना म्हणाला, "चाचा, एक तेवढं लक्षात ठेवा..." समोर गिऱ्हाईक उभं. मी म्हटलं, "अरे जा बाबा, पस्तीस वर्षं दोर विकतोय, एवढं कळत नाही मला?"

नि मग हे शुक्रवारचं लागलं मागे. तिकडे सुट्टी शुक्रवारची, कंपनीच्या कामगार कॅम्पातल्या कॉम्प्युटरवर रय्यानचा नंबर लागतो आपल्याकडच्या एक ते दीड. मी तेव्हा मशिदीत. नमाज करून येतो तर घरात सामसूम, महरीनचे डोळे लाल. "अब्बा, तुमचा मुलगा म्हणतो मीच मुद्दाम बंद करते. कशावरून रुसलीस, विचारतो." असे चार शुक्रवार. पाचव्या शुक्रवारी त्यानं फोनवर सांगितलं, "आता मला दाखवूच नका पोरगी." बापाच्या तोंडी असलं बोलणं!

मला काळजी नव्हती का? सगळ्यात जास्त मलाच. म्हणून तर अजान झाली की शटर ओढायच्या आधी मी दुकानातला कॉम्प्युटर आठवणीनं बंद करत होतो, शिवाय दुकानाचा मेन स्विचही पाडत होतो. का? अहो, साधी गोष्ट आहे. टाकी एक, नळ दोन. खालचा नळ बंद केला तर वरच्याला जोर येणार की नाही? सुनेला धो धो इंटरनेट मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप... पस्तीस वर्षं दोर विकतोय मी.

शोधलं कुणी, तर साबेरानं. जिला माउस कुठल्या हातानं धरतात ते ठाऊक नाही. म्हणाली, "खाली तुमचं शटर घडघडलं की वर चित्र जातं." मी हसलो. अजिंक्यला फोन लावला, तो हसला नाही. "चाचा, वरच्याला इंटरनेट खालच्यातूनच मिळतं. खालचा बंद, की वरचा बंद. तेच सांगत होतो त्या दिवशी, तर तुम्ही मला पस्तीस वर्षं सांगत बसलात."

परवाच्या शुक्रवारी शटर ओढलं, आत कॉम्प्युटर एकटाच चालू. नमाजला निघायला दहा मिनिटं होती म्हणून मीही वर गेलो. चित्र आलं. रय्यान दिसला, वाळलाय जरा. महरीननं तूबाला कॅमेऱ्यापुढे धरलंन. तो नुसता बघत राहिला. साबेरानं पदर डोळ्यांना लावला. मग चिरंजीवांनी तोंड उघडलं.

"ही तर हुबेहूब अब्बा. कपाळ बघ, कान बघ... तुझं काय घेतलंन गो हिनं?"

चित्र गेलं.

"लाइट गेली वाटतं," महरीन म्हणाली.

मी वर बघितलं. पंखा फिरत होता. टोपी घातली नि गुपचूप जिना उतरलो.