लिंबाएवढी चित्राहुती

शरयू : तात्या, ही कसली चित्राहुती? जेवणाआधी देवाचं नाव घेऊन पानाशेजारी चार शितं ठेवायची. तुम्ही लिंबाएवढे मुटके मांडलेत.

तात्या : ठकी वाढतेय. आली तेव्हा ओंजळीत मावायची. आता शितांवर कसं भागेल तिचं?

शरयू : आणि वर तूप.

तात्या : कोरडा भात मांजराच्या घशात अडकतो.

शरयू : रेशनचा तांदूळ पुरत नाही म्हणून मी भाकरी खाते आणि भात तुमच्यापुरता करते. तो सगळा हिच्या पोटात.

तात्या : मग मलाही भाकरीच वाढ.

शरयू : दात कुठायत? ते काही नाही. विनोदिनीवन्सं कधीच्या मांजर मागताहेत. सांगलीला त्यांच्या माडीवर गुळाच्या ढेपा, उंदरांनी उच्छाद मांडलाय. भावोजी आज येताहेत, मी टोपली काढून ठेवलीय.

तात्या : माझीच लेक. नाही कसं म्हणू? नेऊ दे.

शरयू : असं तोंड करून नका म्हणू. तुमच्यासाठीच बोलतेय मी. ह्यांच्या प्रत्येक पत्रात असतं, तात्या नीट जेवतात ना? काय लिहू मी?

तात्या : जेवतात म्हणून लिही. खरं तेच लिही. मधू लढाईवर गेला आणि शेजारचा पाट रिकामा झाला. तेव्हा दोन घास खाऊन उठत होतो मी. तू चुलीशी, तुला दिसायचं नाही. पानातलं गायीला घालत होतो.

शरयू : आणि आता?

तात्या : आता शेजारी ठकी जेवते. पंगतीत कुणी जेवत असलं की उठायचं नाही, ही वडिलांची शिस्त. ती सावकाश खाते. तोवर बसावं लागतं, आणि बसलं की हात पानात जातोच. मुटके मोठे केले ते त्यासाठी.

शरयू : बघू पान. कारल्याची भाजीसुद्धा संपवलीत?

तात्या : संपली खरी.

शरयू : मला बोलला नाहीत कधी.

तात्या : काय बोलायचं? म्हाताऱ्याला एकट्याला जेवण जात नाही म्हणून?

शरयू : मला तरी कुठे जातं? तुम्ही उठलात की चुलीपुढे एकटीच बसते. भाकरी पाण्याबरोबर उतरवते.

(तात्या घोटभर पाणी पितात.)

तात्या : तुझं पान इथे मांड.

शरयू : सासऱ्यांच्या पंक्तीला? आणि वाढायचं कुणी?

तात्या : पातेली मधे ठेव. लागेल तसं घेऊ.

शरयू : लोक काय म्हणतील?

तात्या : लोकांना सांगायला कोण जातंय? ठकी?

शरयू : बरं. हिचा भाऊ शेजारच्या मनुबाईकडे आहे, चांगला दांडगा. उंदीरही धरतो. भावोजींना तोच नेऊ दे.

तात्या : मनुबाई देईल?

शरयू : ती कंटाळलीय त्याला. पान आणते मी. तोवर उठू नका.

तात्या : नाही उठत. सावकाश ये.