एका शब्दावरून हकालपट्टी

हसू नका रे, माझं डोकं अजून तापलेलंच आहे. कॉलेजात आपल्याला ज्या गोळीबाराच्या गेमचं वेड लागलं होतं, त्याच्या दुसऱ्या भागाची चाचणी खेळायला मला आणि आपल्या संतोषला निवडलं होतं. मी तळेगावातून, तो देहूरोडवरून, हेडफोनवर बोलत एकाच टीममध्ये.

पहिल्याच सामन्यात समोर शेवटचे दोन शत्रू उरले. मी ओरडले, “संत्या, फक्त दोघं राहिलेत! फक्त दोघं!”

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. खाली मेसेज आला, ‘इंग्रजी शिवी दोनदा दिल्यामुळे तुम्हाला चाचणीतून काढले आहे.’

अरे, ‘फक्त’ ही शिवी? मी संतापून कंपनीला लिहिलं, हा साधा मराठी शब्द आहे, लहान पोरंही बोलतात. दोन मिनिटांत मशीनचं उत्तर आलं, ‘निर्णय अंतिम आहे.’

मी संतोषला फोन लावला. तो म्हणाला, “तू गेलीस आणि मी एकटा मेलो. मग अर्धा तास माईकवर त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकही मराठी शिवी बाकी ठेवली नाही.”

“मग? तुलाही काढलं?”

“नाही गं. सभ्य भाषेबद्दल गेममधली सोनेरी बंदूक दिली.”