पोरायनं गावाला इचारलं

माझं माहेर देवणीकडचं, लगीन होऊन मुखेडकडल्या ह्या गावात आले अन् हितलीच झाले. शिलाई मशीन चालवते अन् आमचं महिला मंडळ सांभाळते.

तर काय सांगू तुम्हाला, लातूरहून एका संस्थेची ताई आली, म्हनली कलाबाई, हितली शाळा सातवीपर्यंत, पुढं मुखेडला जायचं तर पोरी घरीच का बसतात ते शोधायचंय, अन् शोधनार शाळेतली पोरंच, तुमच्या मंडळानं जिम्मेदारी घ्यायची, मधी बोलायचं न्हाई. मी म्हनलं, पोरं? ह्यांचं नाक आमी पुसून राहिलो अन् हे काय शोधनार? पन घेतली जिम्मेदारी. ताईनं पोरायला शिकवलं, आधी इचारायचं, बोलायचंय का, न्हाई म्हनलं तर गुमान माघारी फिरायचं, अन् कुनी काय सांगितलं ते नावासकट बाहेर काढायचं न्हाई. मंग पोरं घरोघर इचारत फिरली. माझ्या सासूबाईपुढं शेजारची अश्विनी बसली, सातवीतली, म्हनली आजी, तुम्हाला न्हाई बी म्हनता येतं. सासूबाई लई हसल्या, आगं, जन्मात मला हे कुनी सांगितलं नव्हतं! अन् मंग अशा बोलत सुटल्या, चहा उतू गेला तरी थांबल्या न्हाईत.

मंग ग्रामसभा झाली. पोरायला काय कळलं ते सांगायला अश्विनी उभी राहिली, म्हनली, एका मुलीनं सांगितलं, फाट्यावर एकटीला एसटीची वाट बघायला भ्या वाटतं, पन शिकायचंय, अन् बापाला हे सांगायचा धीर होत न्हाई. शिवाप्पा उठले, किराना दुकानवाले, आवाज ह्यो मोठा, म्हनले कुनाची पोरगी ती, नाव सांग! मला उठावं वाटलं, पन मधी बोलायचं न्हाई ना. अश्विनी म्हनली, काका, नाव न्हाई सांगनार, आमी तिला शबूद दिलाय. शिवाप्पा उभेच राहिले, मंग खाली बसले अन् हळूच म्हनले, माझीच असंल तर? मी इकडं तिकडं बघितलं, तर जो तो बाप मान खाली घालून बसलेला, जो तो आपल्याच पोरीला आठवून राहिलेला.

आता पोरी घोळक्यानं फाट्यावर जातात, मंडळाची एक बाई पाळीनं संगं असती. एसटी थांबत न्हाई असं दिसलं तर आमी रस्त्यातच उभ्या राहतो, आता डायवर लांबूनच हसतो. शिवाप्पाची पोरगी बी जाती, खिडकी धरून बसती. ती बोलनारी कोन होती, आजून ठावं न्हाई मला, इचारनार बी न्हाई. समद्याच पोरी शिकू द्या, महादेवा. उठते आता, आज पाळी माझी हाय.