नावाचा रकाना

बायको : ...आणि मग मी त्यांना म्हणाले, "अहो, ऐकताय ना?" अगदी अस्सं!

नवरा : कुणाला?

बायको : ग्राहकाला! त्या वॉशिंग मशीनवाल्याला! इतका वेळ मी काय सांगतेय, तुमचं लक्ष कुठंय?

नवरा : चपला तरी काढ आधी. दारात उभी राहून किती बोलशील! घे, पाणी पी.

बायको : पाणी नको, पाच मिनिटं नुसतं ऐका. आज कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला पहिल्यांदा खरे फोन दिले. पंधरा जणांत त्रेपन्न वर्षांची मी एकटी, बाकी सगळी आपल्या धाकटीच्या वयाची पोरं. पण पहिला फोन घेतला आणि जी काय सुटले! चारच्या चार फोन फत्ते!

नवरा : वा! मग चेहरा असा रडवेला का?

बायको : रडवेला नाही, आनंदाचा आहे. म्हणजे थोडा रडवेला पण आहे. थांबा, ओळीने सांगते. कंपनीचा नियम असा, की फोनवर ग्राहकाचं नाव तीनदा घ्यायचं. सुरुवातीला, मधे आणि निरोप घेताना. काका-मामा नाही, दादा-ताई नाही, साहेब-मॅडम तर मुळीच नाही. नाव आणि पुढे 'जी'.

नवरा : सरळ आडनाव घ्यावं.

बायको : तेही नाही चालत. शाळेतली हजेरी वाटते म्हणे. मलाही आधी हा खुळेपणाच वाटला होता. पण दुसऱ्या फोनवर एक बाई होत्या, मशीनमधून पाणी गळतंय म्हणून नुसत्या आग पाखडत होत्या. पहिल्यांदा नाव घेतलं, तर आणखी भडकल्या. दुसऱ्यांदा घेतलं, तर आवाज खाली आला. आणि तिसऱ्यांदा घेतलं, तर मलाच विचारतात, "तुम्ही जेवलात का हो?"

नवरा : आणि पाणी?

बायको : पाणी गळतच होतं. उद्या माणूस जाईल. पण बाईंचा राग पार गेला!

नवरा : मग अडलं कुठे?

बायको : पाचव्या फोनवर. स्क्रीनवर ग्राहकाचं नाव आलं आणि... अहो, नाव तुमचं होतं!

नवरा : माझं? आपलं मशीन तर उत्तम चालतंय.

बायको : तुम्ही नव्हे हो! नाव तुमचं. आडनाव वेगळं, माणूस वेगळा, मशीन वेगळं. नाव तेच.

नवरा : बरं, मग घ्यायचं.

बायको : घ्यायचं म्हणे! एकतीस वर्षांत कधी घेतलंय मी? जीभ टाळ्याला चिकटली. "नमस्कार" म्हटलं आणि पुढे नुसती हवा. ते गृहस्थ आपले हॅलो हॅलो करतायत. शेवटी माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, ऐकताय ना?" आणि तेही कसं, तुम्हाला स्वयंपाकघरातून हाक मारते ना, त्याच सुरात!

नवरा : मग ते काय म्हणाले?

बायको : "हो हो, आलोच!"

नवरा : अरे देवा! बिचारा!

बायको : हसा, हसा! सगळा हॉल हसला. ती टीम लीडर तेवढी हसली नाही. कानाला हेडफोन लावून ऐकत होती. तिने कागद पुढे केला. आवाज, दहापैकी नऊ. माहिती, दहापैकी दहा. आणि नावाच्या रकान्यात भोपळा.

नवरा : एका भोपळ्याने काय होतं?

बायको : तो रकाना गेला की सगळंच गेलं. उद्या दहा वाजता त्याच गृहस्थांना मी फोन करायचा, ती शेजारी बसणार. तीनदा नाव आलं तर नोकरी पक्की. नाही तर ओळखपत्र टेबलावर ठेवायचं आणि घरी यायचं.

नवरा : एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आपलं घर काही तुझ्या पगारावर अडून...

बायको : पगाराचं कोण बोलतंय? मला हे काम आवडलंय हो! इतकी वर्षं या घरातला फोन मी उचलला, की समोरचा विचारायचा, "आहेत का ते?" मग मी तुम्हाला बोलवायची. आज पहिल्यांदा माणसं माझ्याशी बोलत होती. माझ्याशी! मला ही नोकरी हवीय. हवीच आहे.

नवरा : ...बरं. मग सराव करू. म्हण.

बायको : तुमच्या तोंडावर? छे!

नवरा : मग भिंतीला म्हण.

बायको : येताना बसच्या खिडकीला म्हणून पाहिलं. पहिलं अक्षर येतं, पुढे खोकला येतो. शेजारच्या बाईने मला खोकल्याची गोळी दिली.

नवरा : धन्य आहे तुझी! मागे बाजारात आपली चुकामूक झाली, तेव्हाही तू "अहो" म्हणूनच ओरडलीस. वीस पुरुष वळले.

बायको : आणि तुम्ही एकटे नाही वळलात!

नवरा : आणि माझ्या ऑफिसात फोन केलास तेव्हा? ऑपरेटरने विचारलं, कोण हवंय? तर म्हणालीस, "नकाशे काढतात ते. उंच आहेत, जरा टक्कल पडलंय." आमच्या खात्यात तसे तिघे होते. तिघेही फोनवर येऊन गेले! माझ्या टकलावर महिनाभर चर्चा चालली होती.

बायको : सापडलात ना शेवटी? आणि मला काय बोलता! तुम्ही तरी माझं नाव कधी घेता?

नवरा : मी? घेतो की.

बायको : कधी?

नवरा : असं काही वेळापत्रक नसतं.

बायको : "अगं." "ऐकलंस का?" "कुठे गेली ही?" नाव कुठंय त्यात? घ्या बरं आता!

नवरा : त्यात काय मोठं! हे बघ... थांब, जरा घसा खवखवतोय.

बायको : बघा! बघा! कान लाल झाले तुमचे!

नवरा : उन्हाने.

बायको : घरात?

नवरा : बरं बाई, हरलो. असं करू, मी माझा फोन घेऊन गच्चीवर जातो. तू इथून लाव. तोंड दिसायला नको. मी तो मशीनवाला.

बायको : आणि हसायचं नाही हं!

नवरा : ग्राहक कशाला हसेल? त्याचं मशीन बिघडलंय.

बायको : जा मग. लावते.

नवरा : हॅलो! कोण?

बायको : नमस्कार, ग्राहक सेवा केंद्रातून बोलतेय...

नवरा : चार दिवस झाले! माझे सगळे कपडे साबणात भिजत पडलेत! मी इथे खिडकीचा पडदा गुंडाळून बसलोय!

बायको : अहो, काहीतरीच काय!

नवरा : 'अहो' म्हणालीस. भोपळा.

बायको : ग्राहक असं बोलतात का?

नवरा : चिडलेला ग्राहक काहीही बोलतो. चल, पुन्हा.

बायको : नमस्कार. ग्राहक सेवा केंद्रातून बोलतेय. आपण... म्हणजे आपणच का ते...

नवरा : 'ते' म्हणजे कोण? उंच, जरा टक्कल पडलेले?

बायको : असं करणार असाल तर मी ठेवते फोन! माझा इथे जीव जातोय आणि तुम्हाला गंमत सुचतेय!

नवरा : नाही, नाही. ठेवू नकोस. आता नाही करत. ऐक, डोळे मीट. समोर ती टीम लीडर नाही. मीसुद्धा नाही. एक अनोळखी माणूस आहे, त्याचं मशीन बंद आहे आणि ते तुला सुरू करून द्यायचंय. एवढंच.

बायको : एवढंच.

नवरा : हं.

बायको : नमस्कार...

(ती त्याचं नाव घेते. पूर्ण, स्पष्ट, पुढे 'जी' लावून.)

बायको : आलं! अहो, आलं! अख्खं आलं! खोकला नाही, काही नाही! ऐकलंत ना? हॅलो? हॅलो, ग्राहक! आवाज येतोय का?

नवरा : येतोय.

बायको : मग बोलत का नाही? चुकलं का काही?

नवरा : नाही. अगदी बरोबर होतं.

बायको : मग?

नवरा : आई गेल्यापासून या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. अकरा वर्षं झाली. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बायको : ...अहो...

नवरा : 'अहो' नाही. नियमाने नाव कितीदा घ्यायचं म्हणालीस?

बायको : तीनदा.

नवरा : मग अजून दोनदा राहिलंय. तू घे. तोवर मी घसा साफ करून ठेवतो.